बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा : जुन्या पिकअपच्या चार्जिंगचं दुखणं

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरायचे, रात्री वाशीला निघायचं, पहाटे गाडी खाली करून परत फिरायचं. अशा फेऱ्या मारणाऱ्या जुन्या पिकअपला एक दुखणं कधी ना कधी जडतंच. सकाळी सेल्फ मारला की नुसती ‘टक’ होते. चार माणसं धक्का मारतात, गाडी सुरू होते आणि मालक थेट बॅटरीचं दुकान गाठतो. नवी बॅटरी लावली जाते, दोन-तीन आठवडे बरे जातात आणि पुन्हा तीच ‘टक’. मग दुकानदाराशी वॉरंटीवरून वाद सुरू होतो. बॅटरी मात्र चांगलीच असते. तिला खायलाच मिळत नसतं.

बॅटरी बसली म्हणजे बॅटरी खराब झाली, हा समज हजारो रुपयांना पडतो. चार्जिंगच्या तक्रारीत दोष ढिल्या पट्ट्यात असू शकतो, खार चढलेल्या टर्मिनलमध्ये असू शकतो, गंजलेल्या अर्थच्या वायरीत किंवा डॅशबोर्डवरच्या एका छोट्या बल्बमध्येही असू शकतो. तो नेमका कुठे आहे हे सांगायला तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मीटर आणि अर्धा तास पुरतो. पुढचं सगळं जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांबद्दल आहे : डीआय इंजिनाची बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि त्यांच्या पिढीतल्या इतर गाड्या. यांच्यात इंजिन चालवणारा कॉम्प्युटर नाही, म्हणून चार्जिंगचा जवळजवळ प्रत्येक दोष घरच्या घरी मीटरवर पकडता येतो.

वीज कुठून येते, कुठे जाते

बॅटरीचं खरं काम गाडी सुरू करण्यापुरतं. सेल्फ फिरताना अडीचशे-तीनशे अँपिअर करंट ओढतो. आकडा मोठा वाटतो, पण तीन सेकंदांचा हिशेब केला तर जेमतेम पाव अँपिअर-तास खर्च होतो. इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर, ज्याला गॅरेजात अजूनही सर्रास डायनामो म्हणतात, तेवढी भरपाई एक-दोन मिनिटांत करून टाकतो. तिथून पुढे हेडलाइट, वायपर, हॉर्न, म्युझिक सिस्टीम सगळं अल्टरनेटरच्याच विजेवर चालायला हवं.

अल्टरनेटरच्या आत कायमचं ताकदवान लोहचुंबक नसतं. फिरणाऱ्या रोटरच्या कॉइलमधून करंट सोडला की त्याचं चुंबक होतं. हा करंट रोटरपर्यंत दोन कार्बन ब्रश पोहोचवतात. रोटर फिरला की बाहेरच्या स्थिर गुंडाळ्यांत एसी वीज तयार होते, डायोड तिची डीसी करतात, आणि रेग्युलेटर, म्हणजे बोलीतला कटआउट, रोटरचा करंट कमी-जास्त करून व्होल्टेज चौदाच्या आसपास धरून ठेवतो.

पण इंजिन नुकतं सुरू होतं तेव्हा रोटरला पहिला करंट देणार कोण? इथे डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या लाल बत्तीचं काम येतं. चावी ऑन केली की बॅटरीतून निघालेला करंट त्या बल्बमधून अल्टरनेटरच्या बारीक वायरीत, म्हणजे डी प्लस टर्मिनलवर जातो आणि तिथून ब्रशमार्गे रोटरला मिळतो. बल्ब दोन-तीन वॅटचा, करंट पाव अँपिअरच्या आत-बाहेर, पण सुरुवातीच्या चुंबकत्वाला तो पुरतो. वीज तयार व्हायला लागली की डी प्लसवरही बॅटरीइतकंच व्होल्टेज येतं, बल्बच्या दोन्ही बाजू सारख्या होतात आणि बत्ती विझते. म्हणजे ती बत्ती इशारा देतेच, शिवाय चार्जिंगची सुरुवातही करून देते. हे समजलं की पुढचे निम्मे दोष आपोआप उलगडतात.

डिझेल गाडी दोष लपवते

पेट्रोल गाडीत बॅटरी संपली की स्पार्क जातो आणि गाडी तिथेच उभी राहते. मेकॅनिकल पंपाचं डिझेल इंजिन विजेवर फारसं अवलंबून नाही. डिझेल तोडणाऱ्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवरच्या व्हॉल्व्हला, थोडा करंट लागतो, बाकी इंजिन आपलं आपण चालतं. त्यामुळे अल्टरनेटर पूर्ण मेला तरी दिवसा गाडी बिनतक्रार धावते आणि ड्रायव्हरला काही कळत नाही.

कळतं ते रात्री. साठ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे दहा अँपिअर. मागचे दिवे, पॅनेल, वायपर आणि टेप धरले तर अठरा-वीस अँपिअर सहज होतात. बॅटरी ७५ अँपिअर-तासांची धरली तर कागदावर जवळपास चार तास निघतात, आणि तीन वर्षं वापरलेली असेल तर निम्मेच. पावसाळ्यात माळशेज घाटात दिवे पिवळे पडत जाणं आणि वायपर रेंगाळणं हे किती धोक्याचं आहे, ते त्या रस्त्याने गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. म्हणून ‘दिवसा तर छान चालते’ हे चार्जिंग चांगलं असल्याचं प्रमाणपत्र धरू नका.

आधी डोळ्यांनी

इंजिन बंद करून बॉनेट उघडा. हातातलं कडं, अंगठी, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

इंजिनाच्या जोरावर अल्टरनेटर फिरवणारा पट्टा पाहा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक. खूप सैल असेल, कडा फाटल्या असतील किंवा आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल, तर तो पुलीवर घसरतो. सकाळी गाडी सुरू केल्या केल्या किंवा हेडलाइट लावल्यावर ‘चीं’ असा आवाज येतो तो याचाच. यातल्या अनेक डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरला, म्हणजे ब्रेक पायाला हलका करणाऱ्या भागाला, लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे बसवलेला असतो. पट्टा तुटला तर चार्जिंग तर जातंच, पण दोन-चार वेळा पॅडल दाबलं की ब्रेकही दगडासारखा कडक होतो. गाडी थांबते, पण पायाचा पूर्ण जोर लावावा लागतो, आणि भरलेल्या पिकअपला उतारावर तो पुरेलच असं नाही. चालत्या गाडीत लाल बत्ती लागली आणि ब्रेक जड वाटला, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत रेटू नका, गाडी बाजूला घ्या.

मग टर्मिनल. पांढरा-हिरवा खार चढला असेल तर गरम पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. टर्मिनल काढताना आधी मायनस काढायचा, बसवताना तो शेवटी लावायचा. कारण साधं आहे. मायनस जोडलेला असताना प्लसवर फिरणारा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते.

बॅटरीची मायनस केबल चेसिसला आणि तिथून इंजिनाला जिथे जोडलेली असते, ती जागा हमखास दुर्लक्षित राहते. चिखल, तेल आणि गंज यांच्या थराखाली ती दिसतही नाही. इंजिनाची अर्थ पट्टी कमकुवत झाली की सेल्फचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो, आणि कधी ती वाट ॲक्सिलेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जाते. सेल्फ मारल्यावर यांपैकी एखादी केबल गरम लागली तर बाकी सगळं सोडून आधी अर्थ दुरुस्त करा.

मीटरवरचे आकडे

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं मायनसवर. शक्यतो थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सेल्फ मारण्याआधी. १२.६ च्या वर म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच. गाडी नुकतीच चालून आली असेल तर आकडा फसवा, जास्तच दिसतो. तेव्हा दोन मिनिटं हेडलाइट लावा, मग बंद करून मोजा.

दुसरं माप सेल्फ फिरत असताना, दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगून. भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज दहाच्या आसपास टिकायला हवं. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ लागताच आठवर आली तर मात्र दोष तिचाच आहे, तिच्यात ताकद उरलेली नाही. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही सेल तपासा. पाच सेल १.२५० च्या पुढे आणि एकच १.१५० वर असेल तर तो सेल मेला, आता कितीही चार्जिंग केलं तरी उपयोग नाही.

तिसरं माप इंजिन चालू असताना, थोडी रेस देऊन. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. इंजिन तापल्यावर तो किंचित उतरतो, ते ठीक आहे. आता हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावा. रेस दिलेली असताना आकडा १३.५ च्या खाली जाता कामा नये. नुसत्या आयडलवर थोडा खाली आला तर घाबरू नका, कमी फेऱ्यांत अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने वीज देऊच शकत नाही. बाजारात रांगेत उभं राहून तासभर टेप आणि जादा एलईडी दिवे लावून ठेवणाऱ्यांची बॅटरी त्यामुळेच बसते. त्या गाडीत दोष काहीच नसतो, खर्च जमेपेक्षा जास्त असतो.

बत्ती काय सांगते

इंजिन चालू असताना मीटर १२.३, १२.२ असा उतरतच राहिला तर चार्जिंग शून्य आहे. अल्टरनेटर खोलण्याआधी लाल बत्तीकडे पाहा.

चावी ऑन, इंजिन बंद, आणि बत्ती लागतच नाही : म्हणजे सुरुवातीच्या करंटची वाट तुटली आहे. अल्टरनेटरच्या डी प्लसवरची बारीक वायर काढा आणि तिचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. बत्ती लागली तर बल्ब आणि वायर शाबूत आहेत, दोष अल्टरनेटरच्या आत आहे आणि पहिला संशय झिजलेल्या ब्रशवर घ्या. लागली नाही तर बल्ब गेलाय, फ्यूज उडालाय किंवा वायर कुठेतरी तुटली आहे. ही चाचणी फक्त बारीक वायरीची, जाड वायरीला हात लावायचा नाही. जाड वायर थेट बॅटरीच्या प्लसला जोडलेली असते, ती बॉडीला टेकली तर आग लागू शकते.

काही गाड्यांत चार्जिंग सुरूच होत नाही, पण एकदा जोरात रेस दिली की सुरू होतं आणि मग नीट चालतं. रोटरच्या लोखंडात उरलेलं थोडं चुंबकत्व जास्त फेऱ्यांत काम सुरू करून देतं, म्हणून असं होतं. दोष पुन्हा बत्तीच्याच वाटेत. डॅशबोर्डच्या बल्बांच्या जागी हौसेने एलईडी बसवणाऱ्यांना हा अनुभव हटकून येतो, कारण एलईडीमधून पुरेसा करंट जात नाही. त्या एका जागी जुना साधा बल्बच हवा.

इंजिन चालू असताना बत्ती ठळक पेटलेली राहिली तर पट्टा, रेग्युलेटर, ब्रश असा क्रम धरा. मंद, लुकलुकती राहिली तर एखादा डायोड गेला असेल किंवा वायरीत व्होल्टेज हरवत असेल. चावी बंद करूनही मंद पेटत असेल तर डायोड शॉर्ट झालाय. तो रात्रभर बॅटरी रिकामी करत राहणार, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी करताना मायनस काढून ठेवा.

चुंबकत्व आहे की नाही हे बघायची जुनी युक्ती आजही खरी आहे. इंजिन बंद, चावी ऑन, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या पुलीच्या नटाजवळ न्या. हलकी ओढ जाणवली तर रोटरला करंट मिळतोय.

वाटेत गळणारे व्होल्ट

आता सगळ्यात जास्त चकवणारा दोष. अल्टरनेटर चांगला, बॅटरी चांगली, बत्ती विझते, तरी बॅटरीवर मीटर १३.२ च्या पुढे जात नाही. अशा वेळी अल्टरनेटर उतरवून रिवाइंडिंगला पाठवला जातो आणि काहीच फरक पडत नाही.

विहिरीवरची मोटर चांगली असूनही पाइप मधेच फुटलेला असेल तर टाकी भरत नाही, तसंच हे आहे. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतच्या वाटेत वायरीच्या टोकाची थिंबल सैल असते, वायरीच्या तारा आतून हिरव्या पडलेल्या असतात किंवा कुणीतरी पूर्वी पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड असतो. या पिढीतल्या बऱ्याच अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच असतो आणि तो व्होल्टेज स्वतःच्याच टोकाला मोजतो. त्याला तिथे १४.२ दिसतात आणि तो समाधानी राहतो. बॅटरीपर्यंत १३.२ च पोहोचतात. एका व्होल्टचा फरक किरकोळ वाटेल, पण १३.२ व्होल्टवर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत ती महिनोन् महिने राहिली की आतल्या प्लेटवर सल्फेट घट्ट धरतं आणि चांगली बॅटरी अकाली मरते. पंधरा दिवसांत बसणाऱ्या ‘नव्या’ बॅटऱ्यांमागे बरेचदा हेच कारण असतं.

ते पकडायचं असं. इंजिन चालू, थोडी रेस, हेडलाइट आणि ब्लोअर लावलेले. मीटरचं लाल टोक अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर, म्हणजे बी प्लसवर, आणि काळं टोक बॅटरीच्या प्लसवर. दोन्ही टोकं प्लसवर कशी, असं वाटेल, पण मीटर आपल्याला फक्त दोघांमधला फरक सांगतो. फरक ०.२, फार तर ०.३ व्होल्ट असावा. त्याहून जास्त म्हणजे तेवढे व्होल्ट वाटेत उष्णता होऊन जाताहेत. आता अर्थची बाजू : लाल टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर, काळं बॅटरीच्या मायनसवर. इथे ०.१ ते ०.२ पेक्षा जास्त नको. फरक जास्त असेल तर काळं टोक वाटेतल्या एकेका जोडावर सरकवत आणा. जिथे आकडा एकदम उडी मारतो, तोच जोड खराब. फिरत्या पंख्यापासून आणि पट्ट्यापासून मीटरच्या वायरी, ओढणी, सैल बाह्या लांब ठेवा.

ही तपासणी दिवे लावूनच करायची. करंट वाहत नसेल तर सडका जोडसुद्धा मीटरवर निर्दोष दिसतो.

अल्टरनेटरच्या पोटात

वाट स्वच्छ निघाली आणि तरी चार्जिंग नसेल, तर अल्टरनेटर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या. पण लगेच नवा घ्यायला तयार होऊ नका. ब्रश झिजणं हा ठरलेला खर्च आहे आणि तो किरकोळ आहे. रेग्युलेटर, डायोडची प्लेट आणि बेअरिंग सुटं मिळतं. व्हॅक्यूम पंप मागे असलेल्या अल्टरनेटरमध्ये पंपाचा ऑइल सील गळू लागला की तेल आत उतरतं, ब्रशवर चिकट काळा थर बसतो आणि चार्जिंग कधी येतं, कधी जातं. तिथे नुसते ब्रश बदलले तर महिन्याभरात तेच होणार. सील बदलून आतली सफाई करा असं स्पष्ट सांगा. डायोड तपासायला एसी रिपल, म्हणजे डीसीत उरलेली एसीची लहर, मोजतात, ते मात्र स्वस्त मीटरवर भरवशाचं येत नाही, ते काम इलेक्ट्रिशियनच्या उपकरणांवर सोडा.

उलटा दोषही असतो. रेस दिल्यावर आकडा १५ च्या पुढे गेला, बॅटरीचं पाणी सारखं आटतंय, बल्ब वरचेवर उडताहेत, तर रेग्युलेटर गेलाय किंवा त्याची अर्थ सुटली आहे. अशी गाडी लांबच्या भाड्याला नेऊ नका, बॅटरी उकळून फुगू शकते.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडते का बघू’ ही परीक्षा बंद झाली पाहिजे. बॅटरी अल्टरनेटरच्या विजेचे धक्के पचवत असते. ती अचानक सुटली तर व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं आणि चांगले डायोड, रेग्युलेटर, टेप जळू शकतात. शिवाय डिझेल गाडी अल्टरनेटर मेलेला असतानाही चालू राहू शकते, त्यामुळे उत्तर कळेलच असंही नाही.

उभ्या गाडीतली गळती

चार्जिंग ठीक, बॅटरी ठीक, तरी दोन दिवस उभी राहिली की गाडी सेल्फ घेत नाही. मग चावी बंद असतानाही कुणीतरी करंट खातंय. चावी काढा, दारं लावा, मायनस केबल सोडा आणि केबल व मायनसच्या खुंटीमध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून जोडा. या वेळी सेल्फ किंवा दिवे लावायचे नाहीत, मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल. टेपच्या मेमरीसाठी वीस-तीस मिलिअँपिअर चालतात. ५० च्या पुढे शोध घ्यावा. अर्धा अँपिअर असेल तर दोन दिवसांत २४ अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीचा तिसरा हिस्सा गेला.

एकेक फ्यूज काढत जा, आकडा जिथे कोसळेल ते सर्किट दोषी. अशा गाड्यांत थेट बॅटरीवरून ओढलेल्या जादा वायरी फ्यूजपेटीत नसतात, त्या वेगळ्या सोडून पाहा : प्रेशर हॉर्न, एलईडी बार, जीपीएस, हौद्यातला दिवा. त्यातूनही सापडलं नाही तर बॅटरीचा मायनस पूर्ण सुटा असल्याची खात्री करून अल्टरनेटरची जाड वायर काढा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आकडा शून्यावर आला तर डायोड.

दोष सापडून दुरुस्त झाला की रिकाम्या बॅटरीसह गाडी लगेच पळवायची नाही. पूर्ण बसलेली बॅटरी अल्टरनेटरकडून सलग जास्तीत जास्त करंट ओढते, अल्टरनेटर तापतो, आणि नुकतेच बदललेले डायोड पुन्हा जाऊ शकतात. बॅटरी काढून चार्जरवर कमी करंटने रात्रभर भरा, सेलमध्ये पाणी कमी झालं असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. ती बसवल्यावर इंजिन चालू करून सगळ्या दिव्यांसह एकदा मोजा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारण्याआधी पुन्हा. १२.५ च्या वर आकडा टिकला असेल तर गाडी रात्रीच्या भाड्याला न्यायला हरकत नाही.